रिकामी मोटार

ब्रेक लागला नाही. कालव्याच्या उतारावर मोटार सुटली, पुलाचा कठडा मोडून पाण्यात गेली. आत मिस्त्री एकटाच होता.

जुनी मोटार घ्यायची म्हटलं की बारामतीपासून इंदापूरपर्यंत लोक त्यालाच बोलवायचे. चहा उभ्यानंच प्यायचा. बॉनेटला कान लावून बराच वेळ थांबायचा आणि कुणी काही विचारलं तर "बघू, बघू" एवढंच म्हणायचा. मला तो माणूस विचित्रच वाटे.

आमचं खटलं मोठं, म्हणून थोरल्या दिरांनी ही मोठी मोटार पाहिली होती. पारखायच्या आधीच आम्ही तिला हळदकुंकू वाहिलं आणि पोराबाळांसकट आत जाऊन बसलो. मिस्त्रीनं सगळ्यांना खाली उतरवलं.

"मिस्त्री, एकट्यालाच हवा खायची हाय व्हय?" दीर म्हणाले.

"व्हय, आबा. न पारखलेल्या गाडीत मी माणसं घेत न्हाय."

"आन् तुमी माणूस न्हाय का?" मी विचारलं.

"माझी वाट बघाया कुणी न्हाय, वैनी," असं हसून म्हणाला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

बाहेर काढला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. कळवावं असं त्याचं खरंच कुणी निघालं नाही. अग्नी दिरांनीच दिला. खाली उतरलेले आम्ही सगळे जगलो.