लॅपटॉपच्या पोटातलं कुंकू

"बाबा, लॅपटॉपची ओटी भरली का?"

दुरुस्तीवाला असं म्हणाला आणि सगळं दुकान हसलं.

जळगावातलं मोठं दुकान. काचेचं दार, आत गारवा. माझ्या लॅपटॉपचे स्क्रू काढून त्याने तो उपडा घातला होता. पोट उघडं. पंख्याजवळ लाल भुकटी बसलेली. त्याने चिमट्याने थोडी उचलली, उजेडात धरली.

"शेठ, या इकडे. बघा काय सापडलं. कुंकू."

शेठ आला. माझ्या नातवाच्या वयाचा नाही, पण मुलाच्या वयाचा. त्याने मला विचारलं, "पूजा केली होती का?"

मी म्हटलं, "केली होती."

खोटं कशाला बोलू? दाल मिलमध्ये तीस वर्षं गोण्या उचलल्या. दसऱ्याला वजनकाट्याची पूजा केली, आमच्या लोखंडी हुकांची पूजा केली. घरात नवी वस्तू आली की बोट लावायचं, फूल ठेवायचं. हात जोडायचे. एवढंच माहीत.

"मग झालं," शेठ म्हणाला. "कुंकू आत गेलं, मशीन बसलं. तुमची चूक. वॉरंटी संपली."

एक सेल्समन मोबाईल घेऊन उभा होता. "बाबा, आरती कोणती म्हटली? म्हणून दाखवा ना." मला वाटलं फोटो काढतो. तो व्हिडिओ काढत होता. मी हात जोडून उभा होतो. कोणासमोर बोलताना माझे हात आपोआप जोडले जातात. तीस वर्षांची सवय. त्या व्हिडिओत मी तसाच आहे. हात जोडलेले. मान खाली.

उघडा लॅपटॉप त्यांनी बंद केला, पिशवीत टाकून दिला. मी घेतला. निघालो.

हा लॅपटॉप माझा नाही. माझ्या लेकीचा. छायाचा. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. सासरच्यांनी तिला ठेवली नाही. ती आमच्याकडे आली, कॉम्प्युटरचा कोर्स केला. तिच्या आईने तिला बसवलं कोर्सला. मी नको म्हणत होतो, खरं सांगतो. बायकोने माझं ऐकलं नाही. बरं केलं. मग बायको कावीळ होऊन गेली. पाच महिने झाले. घरात आता आम्ही दोघं. तिसऱ्या ताटाला हात जातो, मागे येतो.

छायाला जिनिंगच्या ऑफिसात काम मिळालं. आलेल्या कापसाच्या नोंदी करायच्या. ऑफिसवाले म्हणाले, लॅपटॉप स्वतःचा पाहिजे, घेऊन सोमवारपासून या. छाया म्हणाली, आबा मी येते दुकानात. मी म्हटलं, नको. मीच आणतो. आईमागे तिला काहीतरी माझ्या हाताने द्यायचं होतं.

माझी चूक झाली ती एवढीच. एकटा गेलो.

विकत घ्यायला गेलो त्या दिवशी दुकानात काचेत मांडलेल्या लॅपटॉपला मी हात लावायला गेलो. "हात नका लावू बाबा, डाग पडतात." बसायला कोणी म्हटलं नाही. शेठने मला वरून खाली पाहिलं. माझं धोतर पाहिलं, टोपी पाहिली. मग आतल्या खोलीत काहीतरी खूण केली आणि आतून पेटी आली. बाकीच्या गिऱ्हाइकांना कपाटातली पेटी, मला आतली. मी रोख दिले. पावती खिशात घातली. चार दिवस चालला, पाचव्या दिवशी काळा पडला.

तर, पिशवी घेऊन मी एसटीने गावी आलो. स्टँडवर उतरलो तोवर व्हिडिओ गावात पोचलेला. पानटपरीवरून एक जण ओरडला, "आबा, लॅपटॉपना सत्यनारायण शे का मंग? परसाद लेवाले येतस आम्ही!" हसू दे. गावच्या माणसाचं हसू मी समजू शकतो. त्याला माहीत नाही. शेठला माहीत होतं.

छाया दारातच बसली होती. तिनेही पाहिला होता. रडली नाही. मला पाणी दिलं आणि विचारलं,

"आबा, तुम्ही कुंकू लायं व्हतं का?"

"नही. हळदनं बोट लायं. वरतून."

"मंग कुंकू कथाईन उनं?"

कुंकू कुठून आलं? मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळाकडे.

आमच्या घरात कुंकू नाही. चिमूटभर नाही. बायको सवाशीण गेली. गल्लीतल्या बाया आल्या, तिला हिरवं नेसवलं, मळवट भरला. तिची कुंकवाची पितळी डबी तिच्या ओटीत घातली. ती डबी तिच्याबरोबर जळाली. ते मी या डोळ्यांनी पाहिलं. लेक विधवा. तिच्या हाताचं कुंकू गावात कोणी घेत नाही, म्हणून ती शिवत नाही. मी रांडवा माणूस, मला काय करायचंय? मग देव्हाऱ्यात उरली फक्त हळद.

मग ते लाल कोणाचं?

दुसऱ्या कोणाचं तरी. माझ्याआधी कोणीतरी तो लॅपटॉप घरी नेला. त्याच्या घरात सवाशीण होती. तिने कुंकू वाहिलं, मशीन बसलं, त्यांनी परत दिलं. शेठने पुसलं, पेटीत घातलं, वर टेप मारली. टेपवर टेप होती, ती मी पाहिली होती. उसवून शिवलेली गोण मी डोळे मिटून ओळखतो. शिवण दोनदा गेली की धाग्याची भोकं दुप्पट. आणि इथे दिवसाउजेडी, डोळे उघडे ठेवून, मी बोललो नाही. का? दुकान काचेचं होतं म्हणून. मी धोतरातला होतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी दोघं गेलो. दुकान भरलेलं.

सेल्समन मला पाहून हसला. "आले, भटजी आले!"

मी हात मागे बांधले. मुद्दाम. म्हणालो, "उघड ते मशीन. काल उघडलं तसं. आणि काढ व्हिडिओ."

शेठ म्हणाला, "बाबा, काल सांगितलं ना?"

"काल तू सांगितलं. आज मी सांगतो. माझी बायको मेली. ही माझी लेक, विधवा आहे. माझ्या घरात कुंकू नाही. मी हळद लावली. आतलं लाल कोणाचं आहे ते सांग."

दुरुस्तीवाल्याने शेठकडे पाहिलं. एक बाई नवीन पेटी घेऊन बिलाला उभी होती, तिने पेटी खाली ठेवली. टेप बघायला लागली.

मग शेठ गोड झाला. "आबा, आत या ना. चहा घ्या. ताई, बसा." मघाशी बाबा, आता आबा. आत खुर्ची होती. मी बसलो नाही. त्याने नवी पेटी आणली आणि एक कागद. शाईचा पॅड पुढे सरकवला.

"इथे अंगठा द्या. घेऊन जा."

मी चौथी शिकलोय. हळू वाचतो, पण वाचतो. मोठ्याने वाचलं. 'ग्राहकाच्या चुकीने मशीन बिघडले. दुकानाने केवळ माणुसकी म्हणून बदलून दिले. ग्राहकाची काही तक्रार नाही.'

माणुसकी.

"हे खोड," मी म्हटलं. "लिही, वापरलेलं मशीन नवं म्हणून विकलं."

"तसं नाही लिहिता येत आबा. फुकट भांडण वाढवता. सोमवारी ताईंना काम आहे ना?"

छायाने त्याला सांगितलं होतं ते, आत आल्यावर, विनंती म्हणून. त्याने तेच उचललं आणि तिच्याच गळ्यावर ठेवलं.

मी लेकीकडे पाहिलं. मी एकट्याने ठरवणार नव्हतो. तिचं काम, तिचा सोमवार.

ती म्हणाली, "आबा, लेवानं नही."

पॅड मी मागे सरकवला. जुनंच मशीन उचललं आणि निघालो.

सोमवारी ती जिनिंगवर गेली, हात हलवत. त्यांनी दोन दिवस थांबून दुसरीला घेतलं. त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली, पण कोणी जेवलं नाही. हे मी लपवत नाही. खरं वागलं की सगळं चांगलं होतं, असं मी कोणाला सांगणार नाही. आमचं झालं नाही.

आम्ही ग्राहकांच्या कोर्टात तक्रार दिली. वकील नाही. छायाने लिहिली, मी सही केली. मशीन फडक्यात बांधून ठेवलंय, स्क्रूला हात लावलेला नाही. मागच्या आठवड्यात शेठचा माणूस गावात आला होता. नवा लॅपटॉप, वर मिठाईचा पुडा. म्हणाला, तक्रार मागे घ्या, म्हातारपणी कशाला चकरा मारता? मी लॅपटॉप आणि पुडा, दोन्ही त्याच्या गाडीवर परत ठेवलं. शेठने कागदावर खरं लिहावं आणि जिथे तो व्हिडिओ काढला त्याच जागी, तेवढ्याच लोकांसमोर, वाचून दाखवावं. मग मी मशीन घेईन. त्याआधी त्याचं पाणीसुद्धा घेणार नाही.

तारखा पडतात. मी जातो. शेठ वाट बघतोय माझ्या मरणाची, त्याला वाटतं म्हातारा किती दिवस टिकेल. म्हणून तक्रारीत मी दोन नावं घातलीत. पहिलं माझं. दुसरं छायाचं. ती तिशीची आहे.