प्रकृतीचे कारण खोटे आहे

गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, चहाचे कप हातात असताना, निवृत्त प्राचार्यांनी सहल नेणाऱ्या तरुणाला विचारले, "पाण्याखाली श्वास घ्यायला तोंडात धरायचा तो माउथपीस प्रत्येकाचा वेगळा असतो ना?"

प्रश्न त्याला होता. डोळे माझ्यावर होते. विचारून झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ओठ पुसले. ओठांना काहीही लागलेले नव्हते. कपातला चहासुद्धा अजून भरलेलाच होता.

मी इथून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी ती भलतीकडूनच केली आहे.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या स्मरणिकेत प्राचार्यांनी अंदमानच्या समुद्रात बुडी मारण्याच्या सहलीवर चार पानांचा लेख लिहिला आहे. समुद्राचा रंग, मासे, प्रवाळ, सगळे आहे. शेवटी एक वाक्य आहे: 'आमचे एक ज्येष्ठ सहकारी प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत, त्यांची उणीव पावलोपावली भासली.' तो सहकारी मी. संघात आता हेच सांगितले जाते. माझा मुलगाही हेच सांगतो, कारण ते सोयीचे आहे. तर ही माझी साक्ष.

माझी प्रकृती ठणठणीत होती. डॉक्टरांनी छाती तपासून, फुंकर मारायला लावून, लेखी दिले होते. तो कागद आजही माझ्या कपाटात आहे. ज्याला पाहायचा असेल त्याने मुकुंदवाडीला माझ्या घरी यावे.

मी धरणावर पाणबुड्या होतो. अठ्ठावीस वर्षे. दरवाजे अडकले की खाली उतरायचे, फटीत बसलेला गाळ, लाकडे, कधी जनावरे मोकळी करायची. ते पाणी इतके गढूळ की डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा पंजा दिसत नसे. सगळी नोकरी मी चाचपडत केली. निवृत्त झालो तेव्हा एकच इच्छा उरली होती. स्वच्छ पाण्याच्या तळाशी जाऊन आपला हात एकदा पाहायचा. बाकी मासे आणि प्रवाळ तुमचे तुम्हाला लखलाभ.

म्हणून संघातल्या अकरा जणांबरोबर मी नाव नोंदवले. त्या दिवशी कार्यालयात जोड्यांची यादी वाचली गेली. पाण्याखाली एकट्याने उतरायचे नसते. प्रत्येकाला जोडीदार असतो. प्राचार्यांच्या जोडीला माझे नाव आले. सुरुवातीला ते खूश झाले. "वा, मग माझा जीव सुखरूप," असे म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हेही मी लिहितो, कारण मला खोटे लिहायचे नाही.

मग त्यांनी विचारले, एकाची हवा संपली तर तुमच्या काळी काय करायचे? मी सांगितले. दोघे खाली असतील तर दुसऱ्याने आपल्या तोंडातला माउथपीस काढून त्याला द्यायचा. त्याने दोन श्वास घ्यायचे, परत करायचा. दोन त्याचे, दोन आपले, वर येईपर्यंत. तो तरुण मध्ये म्हणाला की आता जादा नळी असते, तशी वेळ येत नाही. पण मी थांबलो नाही. माणसे ऐकत होती आणि मला माझ्या कामाचा अभिमान होता. चूक झाली ती इथे. मला वाटले, मी कामाबद्दल बोलतो आहे.

"पण शिकलात कुठं?" प्राचार्यांनी विचारले.

मी म्हणालो, "गंगापूर तालुक्यात. मालकाच्या विहिरीत. प्रेतं काढून."

"म्हणजे, ते काम तुमच्याकडं होतं?"

"आमच्या वस्तीकडं."

खांद्यावरचा हात निघाला. मग तो माउथपीसचा प्रश्न आला. मग रुमाल.

त्या विहिरीबद्दलही सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने एका रुमालाचा बाऊ केला. पोलीस ॲक्शन झाली त्या सालचा माझा जन्म. निजाम गेला, रझाकार गेले, असे घरात ऐकतच मोठा झालो. विहीर मात्र ज्याची होती त्याचीच राहिली. मी एकोणीस वर्षांचा असताना मालकाचा धाकटा भाऊ तिच्यात पडला. दोन दिवस सापडला नाही. हे काम वडिलांचे होते, पण त्यांच्या छातीत दम उरला नव्हता. म्हणून मला बोलावणे आले. एरवी त्या विहिरीच्या पायरीवर आमची सावली चालत नसे. त्या दिवशी मालक स्वतः म्हणाला, उतर.

तीनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा केस हाताला लागले. काखेतून दोर बांधला, वर खूण केली, मालकाच्या माणसांनी ओढला. ते ओरडून रडत होते. मी काठावर ओलाच उभा होतो. प्यायला पाणी मागितले. ज्या पाण्यातून मी नुकताच निघालो होतो, तेच पाणी. कोणी दिले नाही.

प्रेत त्या पाण्यात दोन दिवस होते. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी पाव तास होतो. दुसऱ्या दिवशी इंजिन लावून विहीर तळापर्यंत उपसली. मालकाच्या गड्यानेच येऊन वडिलांना सांगितले: "तुमचं पोरगं उतरलं म्हून उपसायला लागली. दोन दिस पिकाला पाणी नाय. मालक लई तापलेत."

वडिलांनी मान खाली घातली. मीही घातली. पुढे कधी घालायची नाही, हे कळायला मला नोकरी लागावी लागली, आणि बशीर भेटावा लागला.

बशीर म्हणजे माझा दोर धरणारा माणूस. त्याचे वडील पैठणला विणकर होते. खाली मी, वर तो. आमच्या कामाची एक रीत होती. वरून नळीने हवा सोडणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा कधी खराब यायची, तिला डिझेलचा वास लागायचा. खाली गेल्यावर कळले तर माणूस संपला. म्हणून उतरण्यापूर्वी दोर धरणाऱ्याने माउथपीस स्वतःच्या तोंडात धरून दोन श्वास घ्यायचे. ठीक असेल तर पाणबुड्याच्या हातात द्यायचा. बशीर रोज घेई. पान खाऊन लाल झालेले तोंड. मी पुसायचो नाही. तोही माझ्या जातीकडे पाहून धुवायचा नाही. वीस वर्षे.

आता पुढचे. कार्यालयातल्या त्या बैठकीनंतर चौथ्या दिवशी तरुणाचा फोन आला. समुद्र खवळलेला आहे, सहल रद्द झाली आहे, भरलेली रक्कम परत मिळेल. मी विश्वास ठेवला. समुद्र आहे, खवळणारच. बागेतल्या बाकावर मी गेलो की बोलणे थांबायचे, तेही मी मनावर घेतले नाही. मग एका सकाळी बागेत नेहमीचे अकरा चेहरे एकदम दिसेनासे झाले. समुद्र फक्त माझ्यापुरता खवळला होता.

मी त्या तरुणाच्या कार्यालयात जाऊन बसलो. तो वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर बरे झाले असते. त्याने खुर्ची दिली, पंखा लावला आणि म्हणाला, "काका, तुमच्या जोडीला कुणीच तयार नाय. अकरा लोकं एका बाजूला. मी काय करू, सांगा."

मी उत्तर देण्याआधीच खणातून एक रंगीत पत्रक काढून त्याने माझ्यासमोर सरकवले. "आपली बोधगयेची टूर आहे पुढच्या महिन्यात. त्यात तुमचेच लोक असतात सगळे. तुम्हाला बरं वाटंल."

मी ते पत्रक घडी घालून त्याच्याच खणात ठेवले. म्हणालो, "बुद्ध माझा आहे. तो तुझ्या सहलीत भरपाई म्हणून वाटू नकोस."

स्मरणिकेचे प्रकाशन संघाच्या सभागृहात झाले. सकाळची वेळ, पुढच्या रांगेत हार, मागे पोह्यांच्या बशा. प्राचार्यांनी लेखातले उतारे वाचले. एका उताऱ्यात होते की पहिल्यांदा माउथपीस दातांत धरला तेव्हा त्याची रबरी, खारट चव आली, आणि क्षणभर मनात आले, आपल्या आधी किती जणांनी हा चावला असेल. सभागृह हसले. मीही ऐकले, नीट.

मग ते 'प्रकृतीमुळे' आले. सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे प्रेमाने पाहिले.

मी उठलो. पुढे गेलो. अंक छापून आदल्या दिवशीच घरी आला होता, म्हणून माझ्या खिशात आमचा जुना माउथपीस होता. भंगारात निघाला तेव्हा बशीरने ठेवून घेतलेला. त्या सकाळी मी त्याच्याकडून मागून आणला होता, आणि तोही आला होता. मी तो तोंडात धरला, दोन श्वास घेतले, काढला, आणि प्राचार्यांसमोर धरला.

"घ्या. दोन श्वास. मग प्रकृतीचं कारण मी मान्य करतो."

त्यांचा हात हलला. रुमालाकडे गेला.

कोणीतरी म्हणाले, हा स्वच्छतेचा प्रश्न आहे, याला वेगळा रंग देऊ नका. मी प्राचार्यांना त्यांचाच उतारा ऐकवला. शेकडो अनोळखी तोंडांतून आलेले रबर त्यांनी दातांत धरले होते आणि त्यावर विनोद केला होता. त्या तोंडांची आडनावे माहीत नव्हती, एवढाच फरक. माझे माहीत होते.

मागून बशीर म्हणाला, "बीस साल चूसा मैं ये, साब. मरा नई अब्बी तक."

अध्यक्षांनी पोहे घ्यायला सांगितले.

त्याच रात्री मी हे सगळे लिहून स्मरणिकेच्या संपादकांकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी ते घरी आले. पुढच्या अंकात खुलासा छापू म्हणाले. फक्त प्राचार्यांचा उल्लेख आणि ते माउथपीसचे वाक्य तेवढे काढा, ते आता हृदयाचे रुग्ण आहेत. मुलगा शेजारी बसून मान डोलावत होता. "बाबा, सोडा ना आता," तो म्हणाला. मी विचारले, काढल्यावर उरते काय? ते म्हणाले, तुमचा अनुभव. मी त्यांना चहा पाजला आणि कागद परत घेतला.

तोच हा मजकूर. यातला एकही शब्द निघणार नाही. मुलाला अडचण होत असेल, तर ती त्याने माझ्यासमोर बसून सोसावी.

आणि अंदमानला मी जाणार आहे. संघाबरोबर नाही, त्या तरुणाबरोबर नाही. वर बोटीत दोर धरायला बशीर असेल. अर्जावर आडनाव पूर्ण लिहीन, ठळक, आणि शिकलो कुठे ते खाली लिहीन: मालकाच्या विहिरीत, प्रेते काढून. माझ्या जोडीला ज्याचे नाव येईल, त्याने ते आधी वाचावे. वाचून ज्याला रुमाल काढावासा वाटेल, त्याने काठावर उभे राहावे.

या वेळी काठावर मी नसेन.