सात वाजताचं कार्टून

परदेशातल्या एका कुटुंबाचं ते कार्टून कित्येक वर्षांपासून चालू आहे, हिंदीत डब केलेलं. त्यातला बाप दर भागात काहीतरी दुरुस्त करायला घेतो आणि अर्धं घर पाडून ठेवतो. बायको कडाडते, सासू टोमणे मारते, आणि पुढच्या भागात घर पुन्हा धड उभं असतं. आता ते नेटवर केव्हाही बघता येतं, पण आमची मुलगी आणि तिचे बाबा सात वाजताच बसायचे. मी स्वयंपाकघरातून त्यांचं हसणं ऐकायचे.

गेल्या वर्षी नवऱ्याने मला न विचारता दूरच्या जगदलपूरची बदली मान्य केली. ऑर्डर निघाल्यावर सांगितलं.

"मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर तू नाहीच म्हटलं असतं."

"मग जा. आत्ताच जा!"

तो जाईल असं वाटलं नव्हतं. पण त्याने बॅग भरली आणि शहरातच, गुढियारीला भावाच्या घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मात्र स्कूटर आली. तो मुलीजवळ बसला, कार्टून बघितलं आणि पाणीसुद्धा न पिता गेला. मग रोज तसंच. माझे कान साडेसहापासूनच गल्लीकडे लागायचे. कुकरची शिट्टी झाली तरी राग यायचा, त्या आवाजात स्कूटर ऐकू आली नाही तर? तो आला की वाटायचं, आता काही बोलेल. तो गेला की वाटायचं, उद्या येणार नाही.

एका संध्याकाळी नेमका असा भाग लागला: बायको बापाला घराबाहेर काढते आणि तो अंगणातल्या अवजारांच्या खोलीत संसार थाटतो. करवतीवर पापड भाजतो, रंगाच्या डब्यात चहा करतो. एरवी दोघं हसून लोळली असती. त्या दिवशी खोलीत फक्त टीव्हीतलंच हसणं ऐकू येत होतं.

मुलीने कार्टून थांबवलं. ती इथे हिंदी मुलखातच वाढली; तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीतच.

"इसमें हँसी इसलिए आती है कि पता रहता है, वो वापस आएगा," ती म्हणाली. "हमको तो पता नहीं है न."

"असं काहून बोलून राहिली, बेटा?"

"तो बताओ न, बाबा."

मी कणकेच्या हातांनी दारात उभी होते. तो माझ्याकडे बघत होता. 'राहा' हा एवढासा शब्द, पण तोंडातून निघेना. शेवटी म्हणाले, "पोळ्या टाकून राहिली. जेवून जा."

तो जेवला. ताट उचलून ठेवलं आणि गेला.

आणि दुसऱ्या दिवशी सातला आलाच नाही. फोन लावला तर बंद. मुलगी रिमोट मांडीवर घेऊन बसली होती, सुरू करीना. "तू बघ, येतील ते," मी म्हटलं. तिने नुसती मान हलवली. माझ्या डोक्यात काय काय येत होतं: मालधक्क्याजवळचे ट्रक, त्याने न घातलेलं हेल्मेट, नाहीतर तो सरळ जगदलपूरच्या बसमध्ये बसला असेल. दिराला फोन केला. ते म्हणाले, "तो तर केव्हाचा निघाला, वहिनी."

आठ वाजून गेल्यावर फाटक वाजलं. तो घामाने निथळत उभा, हातात बॅग.

"पंक्चर झाली. मोबाइलही बंद पडला. पैदल आलो."

माझ्या नजरेसमोर करवतीवरचा पापड आला आणि मी हसत सुटले. हसता हसता रडू कधी फुटलं ते कळलंच नाही. मुलगी आम्हा दोघांकडे घाबरून बघत राहिली.

बदली रद्द झाली नाही. त्या भांडणाचा निकालही लागला नाही, आम्ही ते फक्त खाली ठेवलं. तो आता जगदलपूरला राहतो, शनिवारी येतो. बाकी दिवस संध्याकाळी मुलगी फोन समोर उभा करते आणि दोघं एकाच वेळी कार्टून लावतात. इथे ती हसते, तिथून त्याचं हसणं जरा उशिरा येतं. नेटमुळे होतं तसं, ती सांगते. मला माहीत आहे. तरी ते येईपर्यंत माझं लाटणं थांबलेलंच असतं.