धर्माजींनी दिलेली अकरा डोकी

धर्माजी माणूस हट्टी, हे काशीगावात कुणालाही विचारा. पेणहून आले, गावाच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड घातली आणि तीस वर्षं तिथे गणपती घडवले. डोळे उघडल्याशिवाय एकही मूर्ती दाराबाहेर गेली नाही आणि भंगलेली मूर्ती तर शेडमध्ये रात्रभरसुद्धा राहिली नाही. बोट तुटलं तर बोट जोडायचं, कान उडाला तर कान. सीझनमध्ये ते डोळ्यांची आखणी करत बसले की आशाबाई चहा घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "किती झाले हो?" मग धर्माजी ब्रश न उचलता आकडा सांगायचे.

पण गेल्या वर्षी, म्हणजे २००५च्या गणपतीत, त्यांचा हात थरथरायला लागला. दोन गणपती चक्क तिरळे झाले. मुलगा जितेश मीरा रोडच्या फ्लॅटांमध्ये पीओपीची सीलिंगं करायचा, त्याला माल ठेवायला जागा हवीच होती.

"बाबा, आता बास झालं. पूनम सागरला माझ्या फ्लॅटवर या, आरामात टीव्ही बघा."

तिसऱ्या मजल्यावर सोफ्यावर बसायचं, म्हणजे जिवंतपणी भिंतीला टांगलेला फोटो व्हायचं. धर्माजी तयार होईनात. शेवटी बापलेकांत ठरलं ते असं: कॉलेजचं एक काम आलंय, ते तिथल्या मॅडमनी पास केलं तर शेड बाबांची. नाही केलं, तर चावी जितेशकडे.

काम आणलं होतं तेजश्री मॅडमनी. कॉलेजात इतिहास शिकवायच्या, पोरांसाठी एक खोली सजवत होत्या. त्यांना एका जुन्या कोरीव भिंतीची प्लास्टरमध्ये नक्कल हवी होती, तिची त्यांनी एक झेरॉक्स दिली. काळीकुट्ट, निम्मी पुसट. सत्तावीसशे वर्षांपूर्वी आत्ताच्या इराकमध्ये असिरियन राजे होऊन गेले, त्यांतल्या एकाने शहर जिंकलं आणि आपल्या वाड्याच्या भिंतीवर ती लढाई कोरून घेतली, असं त्या म्हणाल्या. "शहराला वेढा घातलाय, काका. हा मातीचा चढ, ही तटाला धडक द्यायची गाडी. मूळ दगड जागोजागी फुटलाय. तेवढं तुम्ही जुळवून घ्या."

वेढा म्हटल्यावर धर्माजींना काय समजावून सांगायचं? गड, शिड्या, तिरंदाज, सगळं हातातच होतं. चढावरून गाडी तटाला भिडलेली, वरून पेटते पलिते पडतायत आणि गाडीतलाच एक शिपाई पळीने पाणी ओतून आग विझवतोय, हे तर त्यांना फारच आवडलं. खाली बैलगाडीवर बोचकी घेऊन बाया चाललेल्या. त्यातली एक पोराला पाणी पाजत होती. तिच्यापाशी त्यांचा हात दोन दिवस रेंगाळला, आणि गंमत म्हणजे थरथरला नाही.

तटाच्या पायथ्याशी अकरा माणसं आडवी पडली होती. एकालाही डोकं नव्हतं. राजाचा चेहराही उडालेला. दगड फुटलाय, मॅडमनी सांगितलंच होतं. धर्माजींनी अकराही जणांना डोकी दिली, मिशा दिल्या, राजाला छान चेहरा दिला आणि बारा जणांचे डोळे कोरणीने उघडले. कोपऱ्यात गोल गोल वस्तूंचा ढीग होता आणि शेजारी एक कारकून उभा राहून काहीतरी लिहीत होता. कोकणातल्या माणसाला असा ढीग बघून दुसरं काय सुचणार? नारळ उतरवलेत आणि मोजणी चाललीय. धर्माजींनी प्रत्येक नारळाला शेंडी कोरली.

गुरुवारी मॅडम आल्या. जितेशही आला होता, किल्लीचा जुडगा बोटात फिरवत. मॅडम बराच वेळ गाडीकडे, बायांकडे बघून मान डोलवत होत्या. मग खाली वाकल्या.

"काका, यांना डोकी कुठून आली?"

"मोडली होती. जोडली."

"मोडली नव्हती हो," त्या हळूच म्हणाल्या. "कोरणाऱ्याने तशीच कोरलीत. सैनिकांनी डोकी कापून नेली आणि हा कारकून ती मोजतोय. कुणी किती मारले, त्याची नोंद. ते नारळ नाहीत."

धर्माजींनी ढिगाकडे पाहिलं. शेंड्या आलेल्या होत्या, अगदी व्यवस्थित.

"आणि राजा?"

"त्याचा चेहरा मात्र खरंच फोडलाय. पुढे त्यांचंही राज्य बुडालं, तेव्हा कुणीतरी मुद्दाम छिन्नी घातली असणार."

धर्माजींच्या डोक्यात काही बसेना. म्हणजे ज्यांना डोकी नाहीत ते धड कोरलेले, आणि ज्याला चेहरा होता तो भंगलेला? "पण कुणी मुद्दाम बिनडोक्याचा माणूस कशाला घडवेल, मॅडम? घडवणाऱ्याला बरं कसं वाटलं?"

"राजाने सांगितलं म्हणून घडवलं असेल," मॅडम म्हणाल्या. "जुळवून घ्या म्हणाले, ती माझीच चूक; मला राजासकट जसं आहे तसंच लागेल, काका. मुलांना दिसायला हवं. शनिवारपर्यंत केलंत तर पास. बाकी काम सुंदर झालंय."

जितेशने जुडगा पुन्हा बोटात फिरवला.

शुक्रवारी सकाळी धर्माजींनी आधी राजाचा चेहरा फोडला. ते सोपं गेलं, जरा बरंसुद्धा वाटलं. मग शेंड्या खरवडल्या. त्यानंतर हॅक्सॉचं पातं घेऊन ते त्या अकरांसमोर बसले आणि तसेच बसून राहिले. आपण चुकलो होतो की आता चुकतोय, हेच त्यांना कळेना. गणपती असता तर विसर्जन केलं असतं. माणसाला कुठे विसर्जन असतं? तिकडे शेडच्या दारात जितेशच्या सीलिंगच्या शीटा कालपासूनच येऊन पडल्या होत्या. त्यांच्याकडे बघून धर्माजींनी पातं चालवलं.

हात अजिबात थरथरला नाही. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

डोकी वाया कशाला घालवायची, म्हणून त्यांनी तीच ओल्या प्लास्टरने ढिगात बसवली. बसवल्यावर दिसलं, सगळी बघतायत. डोळे त्यांनीच तर उघडले होते. मेलेल्याचे डोळे मिटायचे असतात, एवढं तरी त्यांना नक्की ठाऊक होतं. बोटावर प्लास्टर घेऊन ते एकेक डोळा बुजवायला लागले. तीस वर्षांत हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

आशाबाई चहा घेऊन आल्या. नवऱ्याला खाली मान घालून डोळ्यांपाशी बसलेलं पाहिलं आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "किती झाले हो?"

धर्माजींनी वर पाहिलं. समोर कारकून लिहीत उभा होता.

"मोजू नकोस," ते म्हणाले.