वाऱ्यावर चालणारी गाडी

कारंजा स्टेशनावर मी तारबाबू होतो, तिकिटंही मीच देत असे. बायको बाळंतपणात गेली, त्यानंतर वर्षभरात माझी इथे बदली झाली. रूळ अरुंद, डबे बुटके, आणि यवतमाळकडे दिवसातून एकच गाडी. ती गेली की बोलायला माणूस नसे.

स्टेशनाचे कंदील दुरुस्त करायला गावात पत्र्याच्या कामाचं दुकान असलेले एक मुसलमान कारागीर येत. मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांची एकुलती मुलगी यवतमाळला दिली होती. ती माहेराहून परत निघाली की चाचा तिच्या खिडकीला हात लावून गाडीसोबत चालत जात, पार सिग्नलपर्यंत. गाडी सुटायचीच तितकी हळू.

एकदा मासिकात विलायतेतल्या नव्या गाडीचं चित्र आलं. उंच खांबांवरच्या एकाच रुळाला लोंबकळणारी, मागे विमानासारखा पंखा. आताचे रूळ, इंजिनं सगळं मोडीत निघेल, असं खाली लिहिलं होतं. मी मोठ्या हौसेनं चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी चित्र बराच वेळ निरखलं. पंख्याचा पत्रा किती जाड असेल, हेही विचारलं. मग म्हणाले, "बाबूजी, इतक्या जोरानं सुटली तं मी पोरीसंगं चालू कसा?"

मी हसलो. तेही हसले.

त्याच पावसाळ्यात यवतमाळहून तार आली. ती मीच उतरवून घेतली. मुलगी बाळंत झाली होती आणि अत्यवस्थ होती. गाडी तासाभरापूर्वीच निघून गेली होती. चिखलामुळे मोटारी बंद होत्या. मी तार लिहून हमालाकरवी लगेच चाचांकडे धाडली. असा निरोप मलाही एकदा आला होता.

चाचा धावत आले आणि बाकावर बसले. घरी जायला तयार होईनात. उद्याच्या गाडीशिवाय मार्ग नाही, हे मी दोनदा सांगितलं. ते रिकाम्या रुळांकडे बघत राहिले.

"ते पंख्यावाली गाडी असती," त्यांनी विचारलं, "तं मी आज पोचलो असतो काय?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "तासाभरात पोचला असता," मी म्हणालो.

"मंग येऊ द्या तिले," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते गेले तेव्हा दफन उरकलं होतं. नात तेवढी वाचली होती. आठवड्यानं चाचा परतले, दुकानातली हत्यारं पोत्यात बांधली आणि यवतमाळचं तिकीट मागायला खिडकीशी आले. जावयाच्या घरी नातीला सांभाळायला कोणी नाही, आता तिकडेच राहीन, म्हणाले. मी तिकीट दिलं. काहीतरी बोलायचं होतं, पण मागे माणसं उभी होती.

गाडी गेली. मी आत येऊन पुढच्या स्टेशनाला ती सुटल्याची खबर दिली. मग सबंध दुपार फलाटावर कोणी फिरकलं नाही.