रुसूबाईचा निळा

गल्लीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांचे ते लख्खकाका. मोटार असो, बोट असो, नाहीतर शेजारच्या पोरीची तीनचाकी सायकल, काम संपलं की ते दोन पावलं मागे सरायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "लख्ख." पुढे एक शब्द नाही. काकू सांगायच्या, "लग्नाच्या फोटोतसुद्धा मान तिरकीच आहे. लोक विचारतात, लचक भरली होती का."

घरामागच्या अंगणात पत्र्याची शेड होती आणि शेडकडे उघडणारी स्वयंपाकघराची खिडकी. कारखान्यात नोकरी होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिथे मोटारी उभ्या राहायच्या. सुरुवातीला पॉलिश हातानेच, काकूंच्या जुन्या सुती चादरी फाडून. मग मशीन आलं, त्याला लावायच्या स्पंजाच्या चकत्या आल्या, आणि पुढे सिरॅमिक कोटिंग. बाटलीतलं ते पाणी रंगावर पातळ चोपडायचं, वेळेत पुसायचं, की सुकून काचेसारखा थर बसतो. पण सुकेपर्यंत धुळीचा एक कण पडलेला चालत नाही आणि बोट तर मुळीच लावायचं नाही.

त्यामुळे कोटिंगच्या दिवशी घरादारावर जमावबंदी. तळण बंद. केर काढायचा नाही, चादर झटकायची नाही, मुलांनी अंगणातून धावायचं नाही. धाकट्याला शिंक आली तर तो नाक दाबून रस्त्यापर्यंत पळत जाऊन शिंकून यायचा. काकू वैतागायच्या. "लोक घरात संसार करतात, आम्ही ऑपरेशन थिएटरात."

आता मुलं आपापल्या घरी गेली होती. धूळ उडवायला कुणी नव्हतं. कोटिंगला याहून चांगलं घर शोधून सापडलं नसतं, आणि तरी काम चालू असताना काका मधूनच दाराकडे बघायचे, कुणी धावत येतंय की काय म्हणून.

त्या दिवशी शेडमध्ये उंच लाकडी ठोकळ्यांवर दादांची बोट होती. दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, दोन वर्षांपूर्वी गेले. बोट लहानशी, फायबरची, निळी. मात्र उन्हात राहून तो निळा पार विटला होता, खडूची भुकटी फासल्यासारखा. वहिनी आता लेकीकडे राहायला जाणार होत्या आणि बोट विकली होती. घेणारा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. जुनं नाव काढून नव्यासारखी करून द्या, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

नावाचीच तर सगळी गोष्ट होती. दादांनी बोट घेतली तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं. छपराच्या पैशात बोट आली म्हणून वहिनी आठवडाभर बोलल्या नाहीत. तर दादांनी स्वतःच्या हाताने चिकटकागदाची वाकडीतिकडी अक्षरं कापली आणि बोटीच्या अंगावर लावली: रुसूबाई. सगळी गल्ली हसली. वहिनी म्हणाल्या, "हे नाव जाईल त्या दिवशी मी हिच्यात पाय ठेवीन." दादांनी नाव काढलं नाही, वहिनींनी पाय ठेवला नाही. दोघंही हट्टाला पक्के. तळ्यावर जायचे ते दादा आणि काका.

काकांनी सकाळीच अक्षरं सोलून काढली होती. पण अक्षरांखाली ऊन पोचलंच नव्हतं. तिथला निळा पहिल्या दिवसाइतका गडद राहिला होता आणि कागद निघाल्यावर नाव उलट जास्तच ठळक वाचता येत होतं. काकांनी पलीकडची बाजू केली, मागची केली, तळ केला. नावाच्या बाजूपाशी आले की मशीनची वायर गुंडाळायचे, पुन्हा सोडायचे.

वहिनी येऊन बघत उभ्या राहिल्या. "भावजी, ही बाजू राहिली की."

"करतोय."

"मघापासून करताय."

"हात धजत नाही, वहिनी. दादाचं अक्षर आहे."

वहिनींनी पदर खोचला. "मग मशीन इकडे द्या. शब्द मी दिला होता, तुम्ही नाही."

काकांनी त्यांच्या हातांवर हात धरून मशीन सुरू केलं. फिकट निळी भुकटी उडायला लागली. थोड्या वेळाने वहिनींनीच थांबवलं. "अहो, नाव कुठे पुसलं जातंय? सगळी बोटच त्याच्या रंगाची होतेय."

तसंच होतं ते. अक्षरांभोवतीचा निळा गडद होत होत अक्षरांना येऊन मिळाला आणि मग नाव कुठे होतं ते सांगता येईना.

काका भुकटीने माखलेला सदरा बदलून आले. अंगण रिकामं होतं. वहिनी आत गेल्या असतील असं धरून त्यांनी कोटिंगची बाटली उघडली. काम सुरू झालं की त्यांना जगाची शुद्ध नसायची. खाली वाकून अंग केलं, हात वर करून कड केली. शेवटी पुढचं टोक पुसायला स्टुलावर चढले आणि दचकले. वहिनी बोटीत बसल्या होत्या. हात मांडीवर, गप्प.

"वहिनी, कधी चढलात?"

"तुम्ही सदरा बदलायला गेलात तेव्हा. शब्द होता ना."

"आता उतरता नाही यायचं. चारी बाजूंनी ओलं आहे."

खिडकीतून काकू म्हणाल्या, "घ्या. इतकी वर्षं चढत नव्हत्या, आता हे उतरू देत नाहीत."

काकूंनीच स्टुलावर उभं राहून, हात लांब करून, कडेला न लागता चहाचा कप आत पोचवला. उन्हं उतरली होती. वहिनी चहा पीत इकडेतिकडे बघत होत्या. "तळ्यात असताना तुम्ही कुठे बसायचात, भावजी?"

"मागे, डब्यावर."

"का? इथे चांगली फळी आहे की."

काका बाटलीचं बूच लावत राहिले. "तिथे बसू द्यायचा नाही दादा. डबाही ठेवू द्यायचा नाही. म्हणायचा, ती जागा रुसूबाईची आहे, ती आली की बसेल."

वहिनींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"त्यानेच बजावलं होतं. म्हणायचा, सांगून आलेली नको, रुसवा सोडून आलेली हवी."

वहिनींनी हाताने फळी चाचपली आणि थोडं सरकून बसल्या, जसं कुणी शेजारी येणार असलं की सरकतात तसं.

पत्र्यावरचं ऊन गेलं. काकूंनी शेडमधला दिवा लावला. वहिनींनी विचारलं, "सुकलं का हो? उतरू?"

काकांनी कडेला बोटाचं पेर टेकवून पाहिलं. थर कधीच बसला होता, कोरडा, टणक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू त्यांच्याकडेच बघत होत्या.

"अजून जरा ओलं आहे," काका म्हणाले. "बसा निवांत."