चढ नसलेली वाट

दुतोंड्या मारुतीच्या घोट्यालाच पाणी आहे, एवढं फोनवर विचारून मी माझ्या सासऱ्यांना नदीकाठाने फिरायला घेऊन गेलो. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन तेव्हा दीड महिना झाला होता.

नाशिकबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. रामकुंडाच्या पुढे नदीच्या पात्रातच एक उंच मारुती उभा आहे, दोन तोंडांचा. पावसाळ्यात गोदावरीला किती पाणी आलंय हे आम्ही त्याच्या अंगावर मोजतो. घोट्याला लागलं तर चहा प्यायचा. गुडघ्याला आलं तर पोराबाळांना घेऊन बघायला जायचं. कमरेला आलं की काठावरचे दुकानदार माल माळ्यावर चढवतात, आणि गळ्याशी आलं की त्यावर कोणी विनोद करत नाही. माझा एक मित्र भांडीबाजारात पातेली विकतो. पावसाळ्यात सकाळी मी त्याला फोन करायचो, "कुठवर?" तो दुकानाच्या पायरीवरूनच वाकून बघायचा आणि एका शब्दात सांगायचा. त्या दिवशी म्हणाला, "घोटा." मी फोन ठेवला आणि बुटांच्या नाड्या बांधल्या.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. सासरे घोटीच्या बाजूचे, भातशेतीवाले. जन्मभर चिखलात उभं राहिलेला माणूस. ऑपरेशननंतर आमच्याकडे येऊन राहिला आणि आमच्या गॅलरीतल्या खुर्चीत बसून कंटाळून गेला. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला जावईबापू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज अर्धा तास चालायचं, पण सपाट जमिनीवर. चढ नको, जिने नकोत, घाई तर अजिबात नको.

हे ऐकून माझ्या अंगात मार्गदर्शक संचारला. मला चालण्याची फार आवड नव्हती, पण चालण्याबद्दल सांगण्याची भयंकर होती. आमच्या सोसायटीच्या फलकावर मी आधीच एक कागद लावून ठेवला होता: शहरातल्या फिरायला सोप्या वाटा. कॉलनीतल्या बागेचा गोल, शेरा 'अगदी सोपी. मात्र झोक्यांपासून सावध'. कॉलेजचं मैदान, शेरा 'सोपी, सकाळी धूळ'. पांडवलेणी, शेरा 'पायऱ्या फार, उत्साही मंडळींसाठी'. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित, गंगापूर रोडच्या खालून नदीला लागून जाणारी फरसबंद वाट. शेरा: 'सर्वोत्तम. सावली, बाकं, कुठेही चढ नाही.'

बागेचा गोल मामांना पटला नव्हता. "बैल चरकाला फिरतो तसं काय फिरायचं," म्हणाले. म्हणून नदी.

निघताना बायको दारात आडवी आली. "चार दिवस पाऊस लागलाय. आज बागेतच न्या."

"मी विचारलंय," मी म्हणालो. "घोट्याला आहे."

"अहो, पण वर धरणावर—"

"घोट्याला," मी पुन्हा म्हणालो. ज्याला एकच गोष्ट माहीत असते तो ती ठामपणे सांगतो.

वाटेवर उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. आभाळ इतकं खाली आलं होतं की दिव्यांच्या खांबांना टेकेल. एरवी त्या वेळी खालच्या दगडांवर बायका कपडे आपटत असतात, त्यांचा आवाज वाटेची सोबत करतो. त्या दिवशी एकही बाई नव्हती. दगडही दिसत नव्हते. मी म्हटलं, "बघा, किती शांत."

मामा चालता चालता पाण्याकडे बघत होते. आपला माणूस खोटं बोलतोय का हे बघावं तसं.

पुढे एक म्हैसवाला समोरून आला. म्हशी काठाने न हाकता तो त्यांना वरच्या पाऊलवाटेने, दगडधोंड्यातून चढवत होता आणि सारखा मागे वळून बघत होता. मी त्याला हसून हात केला. त्याने माझ्या पांढऱ्याशुभ्र बुटांकडे बघितलं आणि म्हशीला काठी घातली. थोड्या वेळाने वरच्या रस्त्यावरून लाउडस्पीकरची गाडी गेली. शब्द कळत नव्हते, नुसती घरघर. मामा थबकले. "काय म्हणतोय?"

"गाद्यांचा सेल असेल," मी म्हणालो.

तिथे एक नाला नदीला मिळतो. वाट त्याच्यावरच्या ठेंगण्या सिमेंटच्या फरशीवरून पलीकडे जाते. आम्ही ती फरशी कोरड्या पायांनी ओलांडली, हे मला आजही स्वच्छ आठवतं, कारण ओलांडताना मी मामांना सांगत होतो की ही वाट आखणाऱ्याने हृदयरोग्यांचा किती विचार केलाय.

दहा मिनिटांनी मामा एका करंजाच्या झाडाशी उभे राहिले. बुंध्यावरून मुंग्यांची जाड रांग वर चालली होती, प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी पुढच्या बाकाकडे बोट केलं. बाकाचे दोन पाय पाण्यात होते.

"हे नेहमी असंच असतं?"

"रात्रीचं पाणी साचलं असेल, मामा."

"साचलेलं पाणी हलत नाय." त्यांनी एक काटकी उचलून काठाशी चिखलात खोचली. आम्ही दोघं ती बघत उभे राहिलो. पाणवेलींचे पुंजके मधल्या धारेतून पळत होते, आणि पळताना त्यांचा आवाज येत नव्हता, हे जास्त वाईट होतं. पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. काटकी अर्धी झाली. मग तिचं टोक राहिलं. मग मला ती कुठे खोचली होती तेच सापडेना.

"माघारी," मामा म्हणाले.

"पण मारुतीच्या घोट्यालाच—"

ते चालू लागले होते. मागे न बघता त्यांनी विचारलं, "मारुती कुठं हाय?"

"रामकुंडाशी."

"म्हंजे खाली. आन् आपण?"

आपण वर. धरण त्याहून वर. धरणाचं पाणी आधी आमच्याकडे येणार आणि मग मारुतीकडे जाणार. मला रोज सकाळी कळत होतं ते आमच्याकडून निघून गेलेलं पाणी होतं. जन्मल्यापासून मी या शहरात राहिलो, आणि नदी कुठून कुठे वाहते हे मला घोटीच्या माणसाने चालता चालता शिकवलं.

नाल्याशी पोचलो तर फरशी नव्हती. तपकिरी पाणी होतं, आणि ते नदीत येत नव्हतं. नदीतून नाल्यात घुसत होतं. उलटं. एक प्लास्टिकची बादली सावकाश आमच्यासमोरून नाल्याच्या वरच्या अंगाला निघून गेली.

"गुडघाभर असेल," मी म्हणालो आणि पँट वर केली. मामांनी मागून माझी कॉलर धरली.

"खाली फरशी राहिलीय का गेलीय, दिसतंय तुम्हाला?"

"नाही."

"मग पाय कशावर टाकताय?"

पुन्हा उलट फिरावं तर तिकडेही एक नाला होता. समोर नदी. मागे काठ: दोन मजले उंच मातीचा उभा चढ, घाणेरीच्या जाळ्या, निसटते दगड. चढ नाही म्हणून मी ही वाट निवडली होती. आता तिच्यातून बाहेर पडायला चढाशिवाय काही नव्हतं, आणि तो चढायला माझ्यासोबत छातीला नुकते टाके पडलेला पासष्ट वर्षांचा माणूस होता.

मी म्हणालो, "तुम्हाला पाठुंगळी घेतो."

त्यांनी मला खालून वरपर्यंत एकदा पाहिलं. "तुम्ही पुढं व्हा. काटे बाजूला करा. मी माझ्या चालीनं येतो. घाई करायची नाय, बोलायचं तर मुळीच नाय."

वहाणा काढून त्यांनी त्या खाली ठेवल्या. पाच पावलं, मग बसायचं. बसलं की डोळे मिटून, हात छातीवर. पुन्हा पाच पावलं. टाच आत दाबून, तिरके, भाताच्या बांधावर ओझं घेऊन चढतात तसे. मी घाणेरी ओढत होतो, हाताला रक्त येत होतं, आणि कोणाचं लक्ष नसल्यामुळे त्याचा काही उपयोग होत नव्हता. माझे नवे बूट ओल्या मातीवर साबणासारखे सरकत होते. एकदा मी पार खाली घसरलो ते मामांच्या खांद्याला अडलो. म्हणजे हृदयाचा रोगी मला धरून उभा होता.

चौथ्या बैठकीला त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. कपाळावर घाम, ओठ निळसर. खाली बघितलं तर बाकाची पाठ तेवढी पाण्याबाहेर होती, आणि वहाणा नव्हत्या.

"मामा, गोळी?"

त्यांनी बंडीच्या खिशाकडे मान हलवली. घाईत माझ्या हातून पहिली गोळी चिखलात पडली. दुसरी त्यांनी स्वतः माझ्या हातातून घेतली आणि जिभेखाली ठेवली. मग आम्ही बसून राहिलो. पाणी चढत होतं आणि बसून राहण्याखेरीज काही करता येत नव्हतं. मी बायकोला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवायला लागलो होतो. पहिलं वाक्यच जमेना. 'अहो, पण' म्हणताना मी तिला अडवलं होतं, तिथून पुढे जाताच येईना.

किती वेळ गेला कोण जाणे. मामांनी डोळे उघडले, माझ्या गुडघ्यावर हात टेकला आणि उठले. पाच पावलं.

वर पेरूची बाग होती, भोवती काटेरी तार. एक बाई कोथिंबिरीच्या वाफ्यात वाकली होती. आमची डोकी वर आलेली बघून ती दचकली, मग धावत येऊन तिने तार पायाने दाबून धरली. "अवो बाबा, तुम्ही हिकडून कुठं? सकाळपून गाडी बोंबलत्येय, धरणाचं पाणी सोडलंय म्हणून! ऐकू नाय आलं?"

"आलं," मामा म्हणाले. "जावयाला गादी घ्यायची होती."

रिक्षातून सरळ डॉक्टरांकडे. बायको तिथे माझ्याआधी पोचली होती. कोणी कळवलं ते मी विचारलं नाही. मामांच्या छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी निघाली, डॉक्टरांनी ती दोनदा बघितली. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी ते म्हणाले, निभावलं, पण आजची रात्र इथेच ठेवू.

बायकोने खुर्ची ओढून वडिलांचा हात हातात घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. मग मला वाटलं की आपण काही बोलायला हवं, आणि मी औषधाच्या चिठ्ठीमागे नदी काढली, धरण काढलं, खाली मारुती काढला, आणि चूक नेमकी कशी घडली ते समजावून सांगू लागलो. चूक तशी अगदी साहजिक होती, असं मी म्हणत होतो.

मामांनी डोळे न उघडताच हात वर केला. मी थांबलो.

"जावईबापू," ते म्हणाले, "पोरगी देताना आम्ही नोकरी बघितली, घर बघितलं, दोन गावांत चौकशी केली. डोकं बघायचं तेवढं राहून गेलं."